कंबरदुखीसाठी किती सिटिंग घ्यायच्या? पॅकेजचे पैसे भरण्याआधी हे वाचा

सोयाबीनची काढणी असो, कांद्याची लागण असो की उसाची मोळी उचलणं असो, कंबर धरली की माणूस कामातून जातो. घरातला एक हात कमी झाला की मजूर लावावा लागतो. म्हणून जो तो लवकर बरं करणारा शोधतो. पूर्वी गावातला हाडवैद्य नाहीतर पायाळू माणूस हाच पर्याय होता. आता मोबाईलवर मणका 'कट्' वाजवून झटक्यात आराम देणारे व्हिडिओ दिसतात. शहराच्या ठिकाणी 'कायरोप्रॅक्टिक', 'स्पाइन केअर' असे बोर्डही दिसू लागलेत. तिथं गेल्यावर अनेकदा पहिल्याच दिवशी सांगितलं जातं की वीस सिटिंग लागतील, तीस लागतील, आणि सगळे पैसे एकदम भरले तर सवलत मिळेल.

एवढ्या सिटिंग खरंच लागतात का? आणि ते ठरवायचं कुणी?

थोडक्यात उत्तर असं आहे की, पहिल्या दिवशी कुणालाच नेमका आकडा सांगता येत नाही. आधी धोक्याची लक्षणं नाहीत ना, हे डॉक्टरकडून पाहून घ्यायचं. मग पाच-सहा सिटिंग करून बघायच्या. काम करण्यात किती फरक पडला ते मोजायचं आणि त्यावरून पुढचं ठरवायचं. आता हे सविस्तर पाहू.

कायरोप्रॅक्टिक म्हणजे काय?

ही उपचारपद्धत अमेरिकेतली आहे. आयोवा राज्यातल्या डेव्हनपोर्ट गावात डी. डी. पामर या माणसाने १८९५ मध्ये ती सुरू केली. यात औषध किंवा ऑपरेशन नसतं. उपचार करणारा हाताने मणक्याच्या सांध्याला नेमक्या दिशेने छोटा, वेगवान झटका देतो. अमेरिकेत त्यासाठी अनेक वर्षांचं वेगळं पदवी शिक्षण घ्यावं लागतं.

आपल्याकडे असं शिक्षण घेतलेले लोक फार थोडे आहेत. डॉक्टरांची किंवा फिजिओथेरपिस्टांची जशी सरकारी परिषद असते, तशी कायरोप्रॅक्टरची भारतात नाही. त्यामुळे बोर्डावर कायरोप्रॅक्टिक लिहिलेलं असलं तरी आत बसलेला माणूस कधी परदेशात शिकलेला असतो, कधी छोटा कोर्स केलेला फिजिओथेरपिस्ट असतो, तर कधी फक्त बघून-बघून शिकलेला असतो. फिजिओथेरपिस्टची मात्र महाराष्ट्रात राज्य परिषदेकडे नोंदणी असते. ती विचारायला लाजू नये.

'कट्' आवाज म्हणजे मणका बसला का?

नाही. सांध्यामध्ये वंगणासारखं पाणी असतं. सांधा झटक्याने ताणला की त्या पाण्यात वायूची पोकळी तयार होते आणि आवाज येतो. बोटं मोडताना येतो तोच हा आवाज. आवाज आला म्हणजे 'सरकलेला' मणका जागेवर गेला असं नाही, आणि आवाज नाही आला म्हणजे उपचार फुकट गेला असंही नाही.

काही जणांचा मणका खरोखर पुढे सरकलेला असतो, आणि तो एक्स-रेत दिसतो. पण असा मणका हाताच्या झटक्याने मागे जात नाही. 'तीस सिटिंगमध्ये मणका जागेवर बसवून देतो' असं कुणी म्हणालं, तर तिथंच सावध व्हा.

मग झटक्याने बरं का वाटतं? आखडलेले स्नायू सैल होतात, दुखण्याची जाणीव काही काळ कमी होते आणि हालचाल मोकळी होते. हा फायदा खरा आहे. पण व्यायाम आणि इतर चांगल्या उपचारांनीही साधारण तेवढाच फायदा होतो.

आधी हे तपासा, इथं झटका नको

सिटिंग किती हा प्रश्न नंतरचा. आधी या दुखण्याला झटका चालतो का ते पाहायचं. बहुतेक कंबरदुखी साधी असते, जीवघेणी नसते. पण खालचं काहीही असेल तर मालिश नको, झटका नको, आधी डॉक्टर.

– लघवी अडली, किंवा लघवी-संडासवरचा ताबा गेला. मांड्यांच्या आतल्या भागात, बसायच्या जागी बधिरपणा आला. दोन्ही पायांतलं बळ कमी होत चाललं. ही तातडीची वेळ आहे. रात्र असली तरी सकाळची वाट पाहू नका. मणक्यातल्या नसांचा जुडगा दबला असेल तर वेळेत ऑपरेशन न झाल्यास कायमचं नुकसान होऊ शकतं.

– पाऊल लुळं पडतंय, चालताना चप्पल निसटून जाते.

– झाडावरून, छपरावरून, बैलगाडीवरून पडल्यावर किंवा गाडीच्या अपघातानंतर दुखायला लागलं.

– संध्याकाळी बारीक ताप येतो, रात्री घाम येतो, वजन उतरतंय, भूक मेली आहे, पडून राहिलं तरी दुखणं थांबत नाही. ही मणक्याच्या टीबीची लक्षणं असू शकतात. टीबी फक्त छातीत होतो हा गैरसमज आहे. टीबीची तपासणी आणि औषधं सरकारी दवाखान्यात मोफत आहेत. टीबीने पोखरलेल्या मणक्याला झटका दिला तर तो ढासळू शकतो.

– पूर्वी कॅन्सर झालेला आहे.

– वय जास्त आहे, हाडं ठिसूळ झाली आहेत किंवा बरेच महिने स्टेरॉइडच्या गोळ्या चालू आहेत. पाळी जाऊन बरीच वर्षं झालेल्या बायकांमध्ये हाडं ठिसूळ असण्याची शक्यता जास्त. अशा वेळी साधा झटकाही मणका मोडू शकतो.

– रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू आहेत.

मानेबद्दल वेगळं सांगायला हवं. व्हिडिओत मान गर्रकन फिरवताना दिसते, ते बघून घरी किंवा सलूनमध्ये कुणाकडून मान मोडून घेऊ नका. मेंदूला रक्त नेणाऱ्या नळ्या मानेतून जातात. मानेला झटका दिल्यानंतर ही नळी आतून फाटून लकवा मारल्याच्या घटना जगात नोंदल्या गेल्या आहेत. असं क्वचित घडतं, पण घडलं तर माणूस आयुष्यभरासाठी अंथरुणाला खिळू शकतो. मानदुखीसोबत चक्कर, अंधारी, बोलताना जीभ जड होणं किंवा अचानक पूर्वी कधी न झालेलं डोकं-मान दुखणं असेल, तर थेट दवाखाना गाठा.

ताजी उसण भरली असेल तर

वाकून पोतं उचललं आणि कंबरेत चमक भरली. आजी म्हणते, पायाळू माणसाला बोलवा, त्याचा पाय लावला की उसण जाते. आणि खरंच दोन-चार दिवसांत ती जाते. शेजारचा म्हणतो, मी अमक्याकडून कंबर चोळून घेतली आणि बरा झालो. तिसरा म्हणतो, मी एकाच सिटिंगमध्ये बरा.

तिघंही खोटं बोलत नाहीत. पण ताजी उसण बहुतेकांची आपोआप उतरते. काहींची चार-आठ दिवसांत, बऱ्याच जणांची चार ते सहा आठवड्यांत. तेवढ्या काळात जो उपचार केला, त्याला श्रेय मिळतं. सिटिंग किती लागतात हे ठरवताना ही गोष्ट सगळ्यात जास्त लक्षात ठेवायची.

म्हणून ताज्या उसणीत, धोक्याचं लक्षण नसेल तर, पहिल्या आठवड्यात एकही सिटिंग न घेता चालू शकतं. गरम पाण्याच्या पिशवीने शेक द्या. जमेल तेवढं हिंडत-फिरत राहा. फार तर एक-दोन दिवस पडून राहा, आठवडाभर नको. अंथरुणात पडून स्नायू आणखी आखडतात. वजन उचलणं आणि वाकून करायची कामं थोडे दिवस दुसऱ्यावर सोपवा. वेदनाशामक गोळी मेडिकलवरून मनानेच आणून रोज खाऊ नका. बीपी, शुगर, किडनीचा किंवा पित्ताचा त्रास असणाऱ्यांनी तर डॉक्टरला विचारल्याशिवाय नकोच.

दोन आठवड्यांनीही काम करवत नसेल, तर मग फिजिओथेरपिस्ट किंवा शिकलेल्या कायरोप्रॅक्टरकडे जायला हरकत नाही.

तीन महिन्यांपेक्षा जुनं दुखणं असेल तर

२०२० मध्ये जगात सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. जुन्या कंबरदुखीवर काय करावं याची सूचनावली या संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये काढली. त्यात व्यायाम, दुखणं समजून घेणं, मणक्याला हाताने दिलेला उपचार आणि मालिश यांना जागा आहे. मात्र सगळी भिस्त एकाच उपचारावर ठेवू नये, असंही त्यात आहे. कंबरेचे पट्टे आणि वजन लावून ओढणं, म्हणजे ट्रॅक्शन, यांची शिफारस सर्रास वापरासाठी केलेली नाही. आपल्याकडे वर्षानुवर्षं पट्टा बांधून फिरणारे बरेच जण आहेत, त्यांनी आपल्या डॉक्टरशी याबद्दल बोलावं.

आता सिटिंगच्या आकड्याकडे येऊ. अमेरिकेत जुनी कंबरदुखी असलेल्या ४०० लोकांवर एक अभ्यास झाला, तो २०१४ मध्ये छापून आला. लोकांचे चार गट केले. सगळे सहा आठवड्यांत १८ वेळा येऊन गेले, पण एका गटाला एकही झटका दिला नाही, फक्त हलकी मालिश केली. दुसऱ्याला ६ वेळा, तिसऱ्याला १२ वेळा आणि चौथ्याला १८ वेळा मणक्याचा उपचार दिला. एकूण बघता १२ वेळा घेतलेल्यांचा निकाल सगळ्यात बरा आला. १८ वेळा घेतलेल्यांना त्याहून जास्त फायदा झाला नाही. आणि चारही गटांतला फरक फार मोठा नव्हता.

अमेरिकेतल्या कायरोप्रॅक्टिक क्षेत्रातल्या तज्ज्ञांनी २०१६ मध्ये जी दिशा ठरवली, तीही अशीच आहे. आधी दोन ते चार आठवड्यांत ६ ते १२ वेळा उपचार करून बघा, मग पुन्हा तपासा, आणि सुधारणा दिसली तरच पुढे जा. म्हणजे ज्या देशात ही विद्या जन्मली, तिथले या क्षेत्रातले तज्ज्ञसुद्धा पहिल्या दिवशी तीस सिटिंगचं पॅकेज घ्या असं म्हणत नाहीत.

फरक पडला का, ते मोजायचं कसं?

'जरा बरं वाटतंय' यावर निर्णय घेऊ नका. पैसे भरलेले असले की माणसाला बरं वाटायचंच. त्यापेक्षा एक सोपी पद्धत आहे, ती फिजिओथेरपिस्टही वापरतात. एक वही घ्या.

पहिल्या सिटिंगआधी अशी तीन कामं लिहा जी कंबरेमुळे करवत नाहीत. आपली रोजची कामं लिहायची. उदाहरणार्थ, उकिडवं बसून धार काढणं, पाण्याची कळशी उचलणं, मोटारसायकलवर अर्धा तास बसणं. प्रत्येक कामाला ० ते १० गुण द्या. अजिबात जमत नसेल तर ०, पूर्वीसारखं जमत असेल तर १०.

समजा धार काढायला ३, कळशीला २ आणि मोटारसायकलला ४ गुण मिळाले. बेरीज ९ झाली. दर आठवड्याला त्याच तीन कामांना पुन्हा गुण द्या, मागचे गुण न बघता. पाच-सहा सिटिंगनंतर बेरीज १५ किंवा त्याहून जास्त झाली, म्हणजे प्रत्येक कामाला सरासरी दोन गुण वाढले, तर खरा फरक पडतोय असं समजा. आणखी काही सिटिंग घ्यायला हरकत नाही. बेरीज ९ वरून १० वर रेंगाळत असेल, तर तोच उपचार आणखी चोवीस वेळा करून फार काही निघणार नाही. पद्धत बदला, नाहीतर डॉक्टरकडे पुन्हा तपासणी करा. आणि बेरीज उतरली, पायात मुंग्या किंवा बधिरपणा वाढला, तर सिटिंग तिथंच थांबवा.

सिटिंगनंतर एखादा दिवस अंग दुखणं सामान्य आहे. दोन-तीन दिवसांनंतरही दुखणं वाढलेलंच असेल तर पुढच्या सिटिंगआधी तसं स्पष्ट सांगा.

वहीत आणखी एक ओळ ठेवा, आज व्यायाम केला की नाही. जुन्या कंबरदुखीत सिटिंग ही मदत आहे, मुख्य काम व्यायामाचं. व्यायाम न शिकवता फक्त झटके देत राहणारा माणूस तुम्हाला त्याच्यावर अवलंबून ठेवतोय असं समजा.

पैशांचा हिशोब सिटिंगच्या फीवर संपत नाही

समजा एका सिटिंगचे ४०० रुपये आहेत. जाण्या-येण्याचा खर्च १०० रुपये आणि अर्ध्या दिवसाची मजुरी बुडाली ती २०० रुपये. म्हणजे एक सिटिंग ७०० रुपयांना पडली. तीस सिटिंगचे झाले २१,००० रुपये. सहा सिटिंगचे होतात ४,२००. सोबत घरातलं कुणी येत असेल तर त्यांचंही भाडं आणि मजुरी धरा.

पॅकेजमध्ये एका सिटिंगमागे ५० रुपये सवलत मिळाली तरी तिसांची १,५०० रुपये वाचतात. पण सहाव्या सिटिंगलाच कळलं की उपयोग नाही, तर उरलेल्या चोवीस सिटिंगचे ८,४०० रुपये अडकतात. एका वेळेचे पैसे एका वेळी द्या. जो चांगलं काम करतो तो याला नाही म्हणणार नाही. पावती मात्र प्रत्येक वेळी घ्या.

बरं वाटल्यावरही दर महिन्याला यायचं का?

'गाडीची सर्व्हिसिंग करतो तशी मणक्याची सर्व्हिसिंग करायची' असं बऱ्याच ठिकाणी सांगतात. याचं उत्तर सगळ्यांसाठी सारखं नाही.

स्वीडनमध्ये ३२८ लोकांवर झालेला अभ्यास २०१८ मध्ये छापून आला. त्यात फक्त असे लोक घेतले होते ज्यांची कंबर पुन्हा पुन्हा धरत होती आणि ज्यांना पहिल्या काही सिटिंगमध्ये चांगला आराम पडला होता. अर्ध्यांना ठरावीक अंतराने बोलावलं, अर्ध्यांना सांगितलं की दुखलं तर या. वर्षभरात ठरावीक अंतराने येणाऱ्यांचे त्रासाचे दिवस सुमारे १३ ने कमी झाले. त्यासाठी त्यांना वर्षात सरासरी दोनच्या आसपास जास्त सिटिंग लागल्या.

म्हणजे फायदा आहे, पण तो अशाच लोकांना, आणि तोही वर्षात दोनेक जास्त सिटिंगमध्ये. ज्याला कधी कंबरदुखी नव्हती किंवा ज्याला पहिल्या सिटिंगचा उपयोगच झाला नाही, त्याने दर महिन्याला जाण्याला या अभ्यासाचा आधार नाही. अमेरिकेत वयस्कर लोकांसाठी जो सरकारी विमा आहे, मेडिकेअर, तोही बरं झाल्यानंतरच्या अशा देखभालीच्या सिटिंगचे पैसे देत नाही.

एमआरआय दाखवून घाबरवलं तर?

'मणक्यात गॅप आहे', 'गादी सरकली', 'नस दबली' हे शब्द ऐकले की माणूस निम्मा खचतो आणि सांगतील तेवढ्या सिटिंगला तयार होतो. पण ज्यांना काहीच दुखत नाही अशा लोकांच्या तपासण्यांचा २०१५ मध्ये एकत्र अभ्यास झाला. त्यात विशीतल्या सुमारे ३७ टक्के आणि ऐंशीतल्या सुमारे ९६ टक्के लोकांच्या मणक्यांच्या गाद्या झिजलेल्या निघाल्या. गादी फुगलेली दिसण्याचं प्रमाण विशीत ३० टक्के होतं. दुखत मात्र एकालाही नव्हतं. केस पिकतात तशी गादीही झिजते.

म्हणून नुसत्या फोटोवरून सिटिंगचा आकडा ठरत नाही. फोटोत जे दिसतं ते तुमच्या लक्षणांशी जुळतं का, हे डॉक्टरने तपासून सांगायला हवं. धोक्याची लक्षणं असतील तर मात्र एक्स-रे, एमआरआय टाळू नका.

पैसे भरण्याआधी हे सहा प्रश्न विचारा

१. तुमचं शिक्षण काय आणि नोंदणी कुठे आहे?
२. मला झटका चालेल का, हे तुम्ही कशावरून ठरवलं?
३. किती सिटिंगनंतर पुन्हा तपासणार?
४. फरक पडला नाही तर पुढे काय?
५. घरी करायचे व्यायाम कोणते?
६. एका वेळेचे पैसे एका वेळी दिले तर चालतील का?

दुसऱ्या प्रश्नाला 'आम्ही सगळ्यांना करतो' असं उत्तर आलं, किंवा शुगर, बीपी, दमा, मूल न होणं असं सगळंच मणक्याच्या झटक्याने बरं होतं असं सांगितलं, तर उठून या. चालू असलेल्या गोळ्या कुणाच्या सांगण्यावरून बंद करू नका.

सरकारी दवाखान्यात काय मिळतं?

पहिली तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात करून घ्या. जिल्हा रुग्णालयात फिजिओथेरपी विभाग असतो, काही उपजिल्हा रुग्णालयांतही असतो. निघण्याआधी वार आणि वेळेची चौकशी करा. राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. दोन-तीन वेळा जाऊन व्यायाम नीट शिकून घेतले तर पुढचं काम घरीच होतं. लांब जाणं शक्य नसेल तर ई-संजीवनीवर मोबाईलवरूनही डॉक्टरचा सल्ला मोफत मिळतो.

लघवी अडणं, पाय लुळे पडणं, अपघात अशा वेळी १०८ वर फोन करा. रुग्णवाहिका मोफत असते. मणक्याला मार लागलेल्या माणसाला खांद्यावर टाकून किंवा मोटारसायकलवर मध्ये बसवून नेऊ नका. आहे तिथंच सपाट झोपवून ठेवा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत मान, कंबर हलू देऊ नका.